अकरा मिनिटं

कनकवल्ली मिसचा कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं लागायची. पुट्टस्वामीनं ती घड्याळ लावून मोजली होती. बटण दाबलं की आधी डबा घरघरायचा, मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येऊन जायची, मग निळा रंग यायचा आणि तिथेच सगळं ठाण मांडून बसायचं. तोवर मिस उठून स्वयंपाकघरात जायच्या, डिकॉक्शन काढायच्या, दूध तापवायच्या, दोन पितळी पेल्यांत कॉफी घेऊन यायच्या, कुरकुरीत कोडबळ्यांचा डबा उघडायच्या आणि बोलायला बसायच्या. कॉफी संपून पेले विसळून झाले की कॉम्प्युटर एकदाचा जागा व्हायचा.

त्या अकरा मिनिटांसाठी पुट्टस्वामी दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी श्रीरामपुराहून मल्लेश्वरमला यायचा. येण्याचं कारण सर्व्हिसिंग. कधी रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबरानं घासायच्या, कधी पंख्यातली धूळ ब्रशनं झाडायची, कधी नुसतंच झाकण काढून पुन्हा लावायचं. आपण कामासाठीच जातो असं तो स्वतःलाही सांगत असे, आणि स्वतःचं ऐकायला तो एकटाच असल्यामुळे त्याला कुणी खोटं पाडत नव्हतं.

पुट्टस्वामी चोपन्न वर्षांचा. लग्न राहून गेलं. आई होती तोवर घरात निदान भांडण तरी व्हायचं. ती गेल्याला सहा वर्षं झाली. ज्या सर्व्हिस कंपनीत तो कामाला होता ती बंद पडली, तेव्हा त्यानं पिशवीत हत्यारं भरली आणि स्कूटरवरून घरोघरी जायला लागला. त्या काळी त्याच्याकडे नव्वद घरं होती. मग लोकांच्या हातात मोठमोठे फोन आले. एकेक डेस्कटॉप भंगारात गेला आणि त्यासोबत एकेक घर गेलं. आता पाच उरली होती. त्यातल्या चार घरांत त्याला मशीन दाखवून माणसं आत टीव्हीपुढे जाऊन बसायची. एका घरात तर पाण्याचा तांब्या ठेवायचे आणि दार लोटून घ्यायचे. समोर बसून बोलणाऱ्या एकट्या मिसच. पंधरा पंधरा दिवस पुट्टस्वामीचं सगळं बोलणं 'एक इडली-वडा' आणि 'टाकी फुल' एवढ्यावर भागायचं. शनिवारी मिसकडे पोचल्यावर पहिलं वाक्य बोलताना त्याला घसा खाकरावा लागायचा.

मिस म्हणजे मूळच्या टायपिंगच्या मिस. मल्लेश्वरमच्याच आठव्या क्रॉस रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर एकतीस वर्षं त्यांचं टायपिंग आणि शॉर्टहँडचं इन्स्टिट्यूट होतं. एकोणिसाव्या वर्षी पुट्टस्वामी तिथे टायपिंग शिकला होता आणि ज्युनिअर परीक्षेत दोनदा आपटला होता. ही गोष्ट मिस कधीही विसरल्या नाहीत, आणि त्यालाही विसरू दिली नाही.

सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, निळ्या पडद्यासमोर कॉफी पिता पिता मिस म्हणाल्या, "पुट्टस्वामी, हे धूड आता आतून नवं करून टाक."

त्यानं पेला खाली ठेवला. "काय झालं मिस? चालतंय की."

"याला चालणं म्हणतोस? मी 'अम्मा' टाइप करते तर हा 'अ' दाखवून विचार करत बसतो. माझी बोटं चार शब्द पुढे आणि हा मागे रांगतोय. मेलबर्नची भाची म्हणते लॅपटॉप पाठवते. मी म्हटलं नको. त्याच्या बटणांवर बोट ठेवलं की बिस्किटावर ठेवल्यासारखं वाटतं. कीबोर्ड हाच राहू दे, डबा हाच राहू दे. आतलं काय लागेल ते सगळं बदल. मला वेग पाहिजे."

"डबा तरी नवा घेऊ या. हा गंजलाय."

"नऊ आयुधपूजा झाल्यात त्याच्या! त्याला भंगारात घालू?" डब्याच्या तोंडावर दर खंडेनवमीच्या हळद-कुंकवाचे नऊ वर्षांचे थर होते, बटणही लालसर झालं होतं. "यंदाच्या पूजेच्या आत व्हायला हवं हं. आणि एकदा नीट झालं की तुझे हेलपाटेही वाचतील."

शेवटचं वाक्य त्या त्याच्या भल्यासाठीच बोलल्या होत्या. पुट्टस्वामीनं मान डोलावली आणि हातातलं कोडबळं पुन्हा डब्यात ठेवलं.

सोमवारी तो एसपी रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेला. त्याचा नेहमीचा दुकानदार सलाउद्दीन काउंटरवर पाय हलवत बसला होता. यादी बघून त्यानं डोळे मोठे केले. "नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय, एसएसडी... स्वामी, घरात लग्न काढलंस की काय?"

"गिऱ्हाईकाचं आहे. आणि बोर्डाला गोल पिनेच्या कीबोर्डचं भोक पाहिजे."

"गोल पिनेचं? तुझं गिऱ्हाईक जिवंत आहे ना रे?"

"तुझ्यापेक्षा जास्त," पुट्टस्वामी म्हणाला. शोधाशोध करून सलाउद्दीननं तसा बोर्ड काढला. एसएसडी मात्र लगेच मिळाली. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, सुई सरकते, म्हणून वेळ लागतो. हिच्यात फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिपा. तळहातात मावणारी, वजनाला पापडाएवढी. कॉम्प्युटर जुना असो वा नवा, त्याची कासवाची चाल मोडायची तर हीच मोडणार, हे धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं.

चौथ्या शनिवारी त्यानं मिसच्या जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, नळाला हात लावून अंगातली वीज उतरवली आणि डबा उघडला. काम करताना पुट्टस्वामी वेगळाच माणूस असे. नवा प्रोसेसर खाचेत अलगद ठेवला, वर वाटाण्याएवढी पेस्ट, त्यावर पंखा. प्रत्येक वायर डब्याच्या कडेनं वळवून, बांधून नेली, कुठे लोंबती ठेवली नाही. आत कोण बघणार आहे असं त्याला कुणी विचारलं असतं तर तो चिडला असता. शेवटी एसएसडी राहिली. ती त्यानं हातात घेतली आणि तसाच बसून राहिला.

ही लावली की संपलं. अकरा मिनिटं संपली, धूळ-खोडरबर संपलं, दुसरा आणि चौथा शनिवार संपला. स्वयंपाकघरात मिस कोथिंबीर निवडत होत्या आणि आतूनच कुठल्याशा जुन्या विद्यार्थिनीच्या मुलाच्या मुंजीबद्दल सांगत होत्या. पुट्टस्वामी 'हो', 'अच्छा' करत होता. मग त्यानं एसएसडी पुन्हा पिशवीत टाकली, जुनीच डिस्क जोडली आणि नवी सिस्टिम तिच्यावर चढवली.

कॉम्प्युटर चार मिनिटांत सुरू झाला. मिसनी टाळी वाजवली. "अरे, दूध तापायच्या आत! शाब्बास! ज्युनिअर नापास असलास तरी हात चांगला आहे तुझा."

"पुढच्या शनिवारी बघतो अजून काय होतंय ते," पुट्टस्वामी जमिनीकडे बघत म्हणाला.

आजवर त्यानं गिऱ्हाईकाचा एक स्क्रूसुद्धा घरी नेला नव्हता. आता गिऱ्हाईकाची अख्खी डिस्क त्याच्या खणात होती. चार दिवस तो त्या खणाकडे न बघता वावरला. ही चोरी आहे हे त्याला कळत होतं. मात्र तो जे चोरत होता ते कुठल्या बाजारात विकत मिळत असतं तर त्यानं ते विकतच घेतलं असतं.

आयुधपूजेला मिसनी त्याला जेवायला बोलावलं. रस्त्यावर जागोजागी कुंकू भरलेले कोहळे फुटले होते, बसना केळीचे खुंट बांधले होते. पुट्टस्वामीनंही सकाळी स्कूटर धुतली, पिशवीतले स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडून त्यांना गंध लावलं आणि एकट्यानंच आरती केली. मिसकडे कॉम्प्युटरला शेवंतीचा हार होता, डब्यावर दहाव्या वर्षाचं कुंकू, आणि कीबोर्ड नव्या खणानं झाकलेला.

"आज याला हात लावायचा नाही," जेवण झाल्यावर मिस म्हणाल्या. "इन्स्टिट्यूटमध्येही आजच्या दिवशी अठराच्या अठरा मशिनं झाकून ठेवायचे मी. हात शिवशिवायचे, पण नाही म्हणजे नाही." त्या खुर्चीवरून उठल्या, पुन्हा बसल्या. काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं.

गिऱ्हाईकाच्या फायलींत डोकवायचं नाही हा पुट्टस्वामीचा नियम. मिसकडच्या नऊ वर्षांतही त्यानं तो मोडला नव्हता. आज मशीन बंदच होतं, म्हणून त्यानं विचारलं, "मिस, तुम्ही रोज इतकं टाइप तरी काय करता?"

मिसनी भिंतीतलं कपाट उघडलं. आत पुठ्ठ्याच्या वह्या रचल्या होत्या. त्यांनी एक काढून त्याच्या हातात दिली. पानांवर नुसत्या रेघा, ठिपके आणि आकड्या होत्या.

"शॉर्टहँड," मिस म्हणाल्या. "रोज हात चालवला नाही तर ती गंजते. मी अठरा वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी अर्धा तास घरात जो जे बोलेल ते उतरवून घ्यायचे. शब्दन् शब्द. भाषण नाही, कविता नाही, नुसतं घरातलं बोलणं. आम्ही घरात तेरा माणसं, विषयाला तोटा नव्हता. चौतीस वह्या आहेत."

"वाचा ना मिस."

मिसनी चष्मा पुसला, वही उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरली आणि वाचायला लागल्या. आवाज एकदम बदलला. "'हुळी पातळ झाली म्हणतोस? मग बायकोला विचार. डाळ काय माझ्या माहेरून येते?' ही अम्मा, आमटीवरून. 'अम्मा, मी हुळीला पातळ म्हटलं, तुला कुठे म्हटलं!' हा रंगण्णा, मोठा भाऊ. 'हुळीला तरी म्हणून बघा एकदा, मग बघते तुम्हाला रात्री पान कोण वाढतं!' ही वहिनी, मोरीतून ओरडतेय. मग बाबा, 'अरे, रेडिओ ऐकू द्या रे कुणीतरी!' आणि धाकट्या भावाचं पोर, 'आजोबा, रेडिओ बंदच आहे.'"

पुट्टस्वामी इतक्या जोरात हसला की त्याला ठसका लागला. मिस वाचत गेल्या. चिंचेवरून भांडण, हरवलेली छत्री, पाहुणे येणार म्हणून लपवलेले लाडू, कुणाच्या तरी नवऱ्याची बदली. संध्याकाळ झाली तरी दोघं उठली नाहीत. त्या तेरा माणसांत कुठेतरी पाटावर आपणही बसलोय असं पुट्टस्वामीला वाटायला लागलं. आई गेल्यापासून इतका चांगला दिवस त्याच्या वाट्याला आला नव्हता.

"आता यातलं कोणी नाही," मिसनी वही मिटली. "आणि हे वाचणारंही कोणी नाही. माझ्या इन्स्टिट्यूटच्या मुली शॉर्टहँड विसरल्या, आणि एकाची आकडी दुसऱ्याला तशीही लागत नाही. मी आहे तोवरच ही माणसं बोलतील. म्हणून टाइप करून ठेवतेय."

"किती झाल्या?"

"नऊ." त्या हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. "डावा डोळा गेलाच आहे. उजव्याच्या मधोमध डाग धरलाय. डॉक्टर म्हणतो, वर्षभर वाचता येईल, पुढचं देव जाणे. म्हणून तर तुझ्यामागे वेग वेग करत होते. चार मिनिटांवर आणलंस, उपकार झाले बाबा. पण फाईल उघडताना, मजकूर साठवताना मेला अजून रेंगाळतो. मी नुसती बसून असते आणि डोळा थकत जातो."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?"

पुट्टस्वामीला त्या रात्री जेवण गेलं नाही. आपण मिसचा थोडा वेळ घेतोय, त्यांना कुठे घाई आहे, असं तो धरून चालला होता. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी, झाकलेली हत्यारं पुन्हा हातात घ्यायचा दिवस. सकाळी सातलाच तो मिसच्या दारात उभा होता.

"मिस, ही डिस्क मी त्याच वेळी आणली होती. लावली नाही."

मिसनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. "का रे?"

का, ते त्याला नीट माहीत होतं. स्कूटरवरून येताना त्यानं ते घोकलंही होतं. पण तो पिशवीत स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला.

"विसरलास!" मिसनीच उत्तर देऊन टाकलं. "ज्युनिअरलाही स्पेसबार विसरायचास. सगळे शब्द एकमेकांना चिकटलेले! बस, लाव आता."

तीस वर्षांत कुठल्याही मशीनमध्ये तो साधा वॉशरही विसरला नव्हता. "हो मिस, विसरलो," तो म्हणाला आणि डबा उघडला.

जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरायला तासभर लागणार होता. पडद्यावर टक्क्यांची पट्टी पुढे सरकत होती. मिसनी कॉफी केली. पुट्टस्वामी खुर्चीत बसून एकच वाक्य मनात जुळवत होता. मिस, मशीन चांगलं असलं तरी मी दुसऱ्या शनिवारी येऊ का? साधं वाक्य होतं. त्यात मागण्यासारखं असं काय होतं? तरी पट्टी वीसवर होती तेव्हा त्याला ते बोलता आलं नाही, साठवरही नाही. मिस दहावी वही उघडून पानं चाळत होत्या आणि मधूनच स्वतःशी हसत होत्या. शंभर टक्के झाले. त्यानं जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली.

"आता दाबा बटण."

मिसनी बटण दाबलं, सवयीनं गुडघ्यांवर हात देऊन उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. दारापर्यंत पोचल्या नसतील, इतक्यात पुट्टस्वामी म्हणाला, "झालं."

"काय झालं?"

"सुरू झालं, मिस. बारा सेकंद."

त्या परत आल्या. पडद्याकडे, मग त्याच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे बघितलं. खुर्ची पुढे ओढली, वही टेकवली, आणि त्यांची बोटं चालू झाली. जाड जुन्या कीबोर्डची खटखट खोलीभर झाली आणि अक्षरं बोटांबरोबर पडत गेली, एकही मागे राहीना. मिस टाइप करता करता मोठ्यानं हसल्या. "अरे, ही रंगण्णाची गंमत बघ," म्हणाल्या, पण ती काय हे सांगायला थांबल्या नाहीत. पान उलटलं, पुन्हा बोटं पळाली. नऊ वर्षांत पुट्टस्वामीनं त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

तो पंधरा मिनिटं बसून राहिला. मग वीस. त्यानं हत्यारं पुसून पिशवीत ठेवली, चादर झटकून घडी घातली, ती घडी मोडली आणि पुन्हा घातली. मिसचं काही चुकत होतं असं त्याला वाटलं नाही. त्या तेरा माणसांत होत्या, आणि एवढ्या वर्षांनी त्यांच्याकडे न अडखळता जाता येत होतं. हे त्यानंच करून दिलं होतं.

दारात चपला घालून तो वळला. आता नाही बोललो तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं घसा खाकरला.

"मिस, मशीन चांगलं असलं तरी... दुसऱ्या शनिवारी येऊ का?"

"अं?" मिसची पाठ त्याच्याकडे होती. बोटं थांबली नव्हती. "हो हो. बिघडलं की लगेच फोन करते तुला."

पुट्टस्वामी उंबऱ्यात उभा राहिला. बिघडण्यासारखं त्यानं आत काही ठेवलंच नव्हतं. पॉवर सप्लाय चांगल्यातला होता, पंखा चांगल्यातला होता, प्रत्येक वायर बांधलेली, प्रत्येक स्क्रू जागच्या जागी. तीस वर्षांत इतकं चोख मशीन त्यानं दुसऱ्या कुणाला बांधून दिलं नव्हतं.

"बरं मिस," तो म्हणाला आणि त्यानं दार ओढून घेतलं.